आधी नाव सांगा

परवा आमच्या मराठी मंडळातल्या कुलकर्ण्यांच्या नातीचा फोन आला. "मावशी, मला ॲक्सलरेटेड नर्सिंगला ॲडमिशन मिळालीय. वॉट शुड आय एक्स्पेक्ट?" मुलगी इथली, अमेरिकेतच वाढलेली, हुशार, एक डिग्री आधीच पदरात आहे आणि आता चार वर्षांचं नर्सिंग पंधरा महिन्यांत उरकायला निघालीय. मी सांगायचं ते सांगितलं. बूट चांगले घे, सेकंदकाटा असलेलं घड्याळ घे, स्वयंपाकाचं काय ते नवऱ्याशी आधीच बोलून ठेव. तिचं अजून लग्न झालेलं नाही हे नंतर लक्षात आलं. फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. बूट काय, कुणीही सांगेल. तिला खरं तर पांढरीपांडेकाकूंबद्दल सांगायला हवं होतं. पण ते फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहिते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही शिकागोला, डेव्हन ॲव्हेन्यूच्या जवळच राहायचो. मी पंचवीस वर्षांची, पुण्याची बी.एस्सी., लग्नाला जेमतेम दीड वर्ष. माझ्या मायक्रोबायॉलॉजीला इथं कुणी विचारीना, तेव्हा या कोर्सची जाहिरात दिसली. दुसऱ्या कुठल्याही विषयाची पदवी असली तरी चालत होती, पंधरा महिन्यांत नर्स. मला वाटलं, पंधरा महिने काय, चुटकीसरशी जातील. मूर्खपणाला वय नसतं असं म्हणतात, पण माझ्या बाबतीत ते पंचवीस होतं.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर पहिल्या रांगेत एक बाई स्टीलचा डबा खुर्चीखाली सारत होत्या. अंबाडा, जाड चष्मा, अंगात नवाकोरा पांढरा पँटसूट. मी शेजारी जाऊन उभी राहिले, तर वर न बघताच म्हणाल्या, "मराठी ना? बस. वही काढ. ही बाई फार भराभर बोलून राहिली."

या वत्सला पांढरीपांडे. वय त्रेचाळीस, नागपूरच्या, वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी. तिकडे सहा वर्षं कॉलेजात शिकवलेलं, इकडे अकरा वर्षं नुसता संसार. एवढं लांबलचक आडनाव नेमप्लेटवर मावेना, म्हणून कॉलेजनं शेवटची तीन अक्षरं उडवली होती. काकूंनी ती पेनानं परत लिहून काढली. बांगड्या घालायची बंदी होती, त्या त्यांनी निमूट काढल्या. गळ्यातलं लोंबतं कामा नये, म्हणून मंगळसूत्र आतून सेफ्टी पिनेनं टाचून टाकलं. कुरकुर नाही, तक्रार नाही. नियम कळला की काकू तो पाळायच्या. एकच नियम त्यांच्याकडून पाळला जाईना आणि त्यापायीच हे सगळं रामायण झालं.

भराभर बोलणारी बाई म्हणजे आमच्या मिसेस ब्रॅनिगन. उंच, वाळलेल्या, पूर्वी लष्करात नर्स होत्या. त्यांना खुर्चीत बसलेलं मी पंधरा महिन्यांत पाहिलं नाही. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, "पुढच्या पंधरा महिन्यांत तुमच्या घरी कुणाला आजारी पडायचं असेल किंवा लग्न करायचं असेल, तर त्यांना थांबायला सांगा." सगळ्या हसल्या. काकूंनी ते वहीत उतरवून घेतलं. मग बाईंनी पिवळ्या कागदांचं एक पॅड वर धरलं. पेशंटला धोका होईल असं काही केलंत तर एक पिवळी चिठ्ठी. दुसरी मिळाली तर घरी जायचं. कारण, रडारड, नवऱ्याचा फोन, काही चालणार नाही. हेही काकूंनी उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

काकूंना ते पॅड का इतकं झोंबलं, ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. त्यांचे 'हे' म्हणजे पांढरीपांडेकाका, दक्षिणेकडच्या एका पोलाद कारखान्यात इंजिनियर होते. कारखान्याच्या भट्ट्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि काकांची नोकरी गेली. त्याच्या सहाच महिने आधी त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. नोकरीबरोबर इन्शुरन्स गेला, आणि एकदा हृदय बिघडलेल्या माणसाला नवा इन्शुरन्स द्यायला कुणी तयार नव्हतं. पण हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली की नवऱ्याला, मुलांना, सगळ्यांना इन्शुरन्स मिळतो, हे काकूंनी कुठंतरी वाचलं. मी शिकत होते ते घरी बसून कंटाळा आला म्हणून. काकू शिकत होत्या ते काकांना पुढचा अटॅक येण्याआधी नर्स होण्यासाठी.

मला गाडी येत नव्हती, म्हणून काकू मला न्यायच्या. त्यांच्याकडे एक जुनी लांबलचक स्टेशन वॅगन होती, तिचा मागचा दरवाजा दोरीनं बांधलेला असायचा. आठवड्यातून दोन दिवस पावणेसातला वॉर्डात हजर राहावं लागे. आदल्या दुपारी जाऊन पेशंटचा चार्ट उतरवायचा, त्याच्या प्रत्येक औषधाचं कार्ड करायचं आणि सकाळी ब्रॅनिगनबाई खोलीच्या दारात आडव्या उभ्या राहून विचारतील ते सांगायचं. अडखळलं की परत घरी. त्यामुळे काकूंनी गाडीत एक शिरस्ता घातला होता. सिग्नल लाल झाला की एक औषध. दिवा हिरवा व्हायच्या आत डोस, उपयोग, दुष्परिणाम सगळं म्हणून झालं पाहिजे.

"डिजॉक्सिन," काकू ब्रेक दाबता दाबता म्हणायच्या.

"हार्ट फेल्युअर. द्यायच्या आधी नाडी बघायची, साठच्या खाली असली तर द्यायचं नाही."

"आणि येतं कुठून?"

"काकू, ते परीक्षेत नाही."

"परीक्षेत नसेल, झाडात आहे. फॉक्सग्लोव्ह. पानं पाहिली की विसरणार नाही तू, पोरी."

त्यांना कुठलंही औषध झाडावरून आठवायचं. ॲट्रोपिन म्हटलं की धोत्र्याचं कूळ, मॉर्फिन म्हटलं की खसखस. त्यांच्या नागपूरच्या प्राध्यापकांचं एक वाक्य त्या सारखं सांगायच्या. झाड समोर आलं की आधी पान पाहा, देठ पाहा, वास घ्या, नाव सगळ्यात शेवटी सांगा. ज्याला नीट ओळखता आलं त्याला नावाची घाई नसते. मला तेव्हा ते फार आवडायचं. पुढं त्याच वाक्याचा मला इतका राग येईल असं वाटलं नव्हतं.

इंजेक्शनं टोचायला आम्हाला संत्री दिली होती. काकूंचं म्हणणं, संत्र्याची साल माणसाच्या कातडीसारखी कुठं असते? त्यांनी डेव्हनवरून चार शेर वांगी आणली आणि आम्ही दोघींनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून एकेका वांग्याला सलाईन टोचलं. बारा वर्षांची नीता, त्यांची मुलगी, दारात उभी राहून बघत होती. "मॉम, डिड यू किल एनीबडी टुडे?" हा तिचा रोजचा प्रश्न. काकू म्हणाल्या, "अजून नाही. हात धू." रात्री त्याच वांग्यांची भरली वांगी झाली. काकांनी मीठ मागितलं तर म्हणाल्या, "घास घेऊन पाहा आधी. सलाईन गेलंय आत."

आता पहिली चिठ्ठी. कोर्सला आठ महिने झाले होते. सुरुवातीच्या चौतीसजणांतले बरेचसे गळाले होते. त्या आठवड्यात काकूंच्या वाट्याला पेशंट आले ते गोडबोले. तिथल्या मराठी मंडळाचे माजी अध्यक्ष, काकांचे मित्र, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. काकू औषधाची वाटी घेऊन खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, उठता का जरा? गोळी घ्यायचीय." भाऊजी उठले, गोळी घेतली, वर "वहिनी, तुमच्या हातची म्हणजे गोडच लागणार," असंही म्हणाले. काकू वळल्या तर दारात ब्रॅनिगनबाई.

औषध देण्याआधी पेशंटला त्याचं पूर्ण नाव त्याच्या तोंडून सांगायला लावायचं आणि ते मनगटावरच्या नावाच्या पट्टीशी ताडून पाहायचं, हा बाईंचा पहिला आणि शेवटचा नियम होता. तो आम्ही झोपेत म्हणून दाखवला असता.

"मिसेस पी., हे कोण आहेत?" बाईंनी विचारलं.

"मिस्टर गोडबोले."

"त्यांनी सांगितलं?"

"मी त्यांना दहा वर्षं ओळखते. दर दिवाळीला माझ्या घरी जेवायला येतात."

"तुम्ही त्यांना ओळखता," बाई म्हणाल्या, "औषध ओळखत नाही." आणि तिथंच, औषधांच्या गाडीवर पॅड टेकवून त्यांनी पिवळी चिठ्ठी लिहिली. गोळी बरोबर होती, माणूस बरोबर होता. चिठ्ठी मिळाली ती मिळालीच.

परतताना मी बाईंना लाख शिव्या दिल्या. काकू म्हणाल्या, "तू सांग, भाऊजींना विचारू मी, तुमचं नाव काय म्हणून? त्यांच्या तोंडावर? आमच्याकडे थोरांना नाव विचारणं म्हणजे, तुम्ही कोण लागून गेलात, असं विचारणं." आणि एवढ्यावर त्यांनी विषय संपवला.

संपला मात्र नाही. तेव्हापासून त्या सराव करू लागल्या. अमेरिकन पेशंटला त्या खडखडीत आवाजात नाव विचारायच्या, पट्टी बघायच्या, काही अडायचं नाही. अडायचं ते आपल्या माणसांपाशी. त्या भागात आपली माणसं खूप, वॉर्डात एखादे तरी आजोबा-आजी असायचेच. समोर पांढरे केस आणि आपला चेहरा दिसला की काकूंची मान आपोआप खाली जायची आणि आवाज बसायचा. घरी त्यांनी काकांवर सराव करून पाहिला. काका खुर्चीत सरसावून बसले, काकू ट्रे घेऊन समोर उभ्या राहिल्या. "टेल मी युअर," एवढं म्हणाल्या आणि हसत सुटल्या. काका म्हणाले, "वीस वर्षांत माझं नाव एकदा घेतलं नाहीस, आता मलाच विचारून राहिलीस." मीही हसले. तेव्हा हसायला नको होतं असं आता वाटतं. एक चिठ्ठी आधीच होती, आणि आम्ही तिघं हसत होतो.

चौदावा महिना. सात आठवडे राहिले होते. या शेवटच्या टप्प्यात पोटातून द्यायच्या साध्या गोळ्या आम्ही एकट्यानं देऊ शकत होतो, बाई प्रत्येक वेळी शेजारी नसत. त्या दिवशी काकूंच्या खोलीत दोन पेशंट होते आणि दोघंही पटेल. दारावर लाल कागद डकवला होता, एकाच आडनावाचे दोन पेशंट, सावधान. काकूंनी स्वतःच्या कार्डावरही लिहून ठेवलं होतं, "दोन पटेल. सांभाळ." त्यांचे पटेल खिडकीजवळचे, ब्लडप्रेशरचे, आणि त्यांना त्या सकाळी प्राझोसिन नावाची नवी गोळी सुरू व्हायची होती. दाराजवळचे पटेल हर्नियाचं ऑपरेशन झालेले, त्यांचं ब्लडप्रेशर उत्तम. आदल्या दुपारी काकू चार्ट उतरवायला गेल्या तेव्हा दोघंही तोंडावर चादर घेऊन झोपलेले होते.

मी मदतीला म्हणून त्याच खोलीत दाराजवळची कॉट करत होते; दोघांनाही मी आधी पाहिलेलं नव्हतं. काकू आत आल्या. खिडकीजवळच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ पूर्वेकडे तोंड करून बसले होते. डोळे मिटलेले, अंगावर शाल, उजवा हात गोमुखीत. जप चालला होता. मनगटावरची पट्टी त्या गोमुखीच्या आत.

काकू थांबल्या. मी पाहिलं, त्या खरंच थांबल्या. जप करणाऱ्याला बोलायला लावायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. गोमुखीतला हात ओढून बाहेर काढायचा तर विचारच नको. काकूंनी हळूच म्हटलं, "पटेलकाका?" त्यांनी डोळे न उघडता मान हलवली आणि तोंड उघडलं. काकूंनी गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा पेला ओठांना लावला. सगळं इतक्या प्रेमानं केलं की देवाला नैवेद्य दाखवावा.

तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि दुसरे म्हातारबुवा भिंतीला धरत बाहेर आले. "बहनजी," ते म्हणाले, "मेरी गोली?" खिडकीतून ऊन येतंय, तोंड पूर्वेला करून जप करू द्या, असं शेजारच्यांनी म्हटलं, म्हणून यांनी आपली खुर्ची त्यांना दिली होती. काकूंनी त्यांची पट्टी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मी आजही विसरलेले नाही.

आता मी जे लिहिते ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहायलाच हवं. मी काकूंचा दंड धरून त्यांना पडद्याआड ओढलं आणि म्हटलं, "काकू, गप्प बसा. एक गोळी आहे. कुणी पाहिलं नाही. बाटलीतून दुसरी काढून यांना द्या, गोळी जमिनीवर पडली म्हणून सांगू. त्यांच्याकडे मी लक्ष ठेवते, दर दहा मिनिटांनी बीपी घेते. सात आठवडे राहिलेत, काकू. काकांचा विचार करा."

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. खाली पार्किंग लॉटमध्ये त्यांची स्टेशन वॅगन दिसत होती. मग त्यांनी माझा हात सोडवला. "प्राझोसिनच्या पहिल्या डोसला काय होतं, ते तूच सांगितलं होतंस मला काल," एवढं म्हणाल्या आणि चालत बाहेर गेल्या. धावल्या नाहीत. वॉर्डात धावायचं नाही असा नियम होता.

ब्रॅनिगनबाईंनी ऐकून घेतलं. डॉक्टरांना फोन केला, पटेलांना आडवं केलं, पाय उंच केले, ड्रिप लावली. काकूंनी विचारलं, मी आता जाऊ का? बाई म्हणाल्या, "चिठ्ठी नंतर. आधी पेशंट. खुर्ची घ्या आणि त्यांच्याजवळ बसा." तासाभरात पटेलांचं ब्लडप्रेशर इतकं खाली आलं की डॉक्टर दोनदा धावत येऊन गेले. त्यांना घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते, आणि ते गुजरातीत बायकोला हाका मारत होते. ती वारून बरीच वर्षं झाली होती. काकू त्यांच्याजवळ दुपारी एकपर्यंत बसून होत्या. दर पंधरा मिनिटांनी बीपी घ्यायच्या. आणि दर वेळी, दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळायच्या आधी, स्पष्ट आवाजात विचारायच्या, "आपका पूरा नाम बताइए." पटेल दर वेळी सांगायचे. आवाज आधी खोल गेला, मग हळूहळू वर आला. शेवटी तर ते हसून म्हणाले, "बेटी, नाम वही है." काकूंनी तरी पुढच्या खेपेला विचारलंच.

दुपारी पटेल उठून बसले, खिचडी मागू लागले. मग बाईंनी पॅड काढलं. लिहिताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला. नियम तोच होता. पुढच्या बॅचबरोबर शेवटचं सेमिस्टर पहिल्यापासून करता येईल, त्यासाठी शिफारसपत्र मी स्वतः लिहीन, असं त्या म्हणाल्या. काकूंनी चिठ्ठी दुमडून पर्समध्ये ठेवली आणि "थँक यू" म्हटलं. मला तर त्या वेळी बाईंच्या तोंडावर ते पॅड फेकावंसं वाटलं.

घरी येताना पहिले तीन सिग्नल लाल लागले. काकू काही विचारेनात. मी रडत होते, त्या रडत नव्हत्या. चौथ्या सिग्नलला त्यांनी ब्रेक दाबला आणि समोर बघत म्हणाल्या, "प्राझोसिन."

"काकू, नको ना."

"सांग."

"पहिल्या डोसला बीपी एकदम पडतं. माणूस बेशुद्ध होऊ शकतो. पहिली गोळी शक्यतो रात्री झोपताना द्यावी, दिली की उठू देऊ नये."

"अजून?"

"अजून काय?"

"द्यायच्या आधी काय करायचं?"

मी म्हटलं, "नाव विचारायचं." दिवा हिरवा झाला आणि काकूंनी गाडी काढली.

संध्याकाळी मला राहवेना, मी फोन केला. नीतानं उचलला. "शी टोल्ड बाबा," ती म्हणाली. "बाबा सेड ओके. देन वी एट डिनर." आई काय करतेय विचारलं तर म्हणाली, कार्डं काढून बसलीय.

माझा कोर्स पूर्ण झाला. समारंभाला काकू आल्या, पहिल्या रांगेत बसल्या, मला नर्सची पिन लागली तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या त्यांनीच वाजवल्या. त्यांचं सेमिस्टर सुरू व्हायला अवकाश होता. काका डेव्हनवर एका साडीच्या दुकानात बसू लागले. त्या मधल्या महिन्यांत त्यांच्या छातीत दोनदा दुखलं. पहिल्यांदा गॅस निघाला. दुसऱ्यांदा गॅस नव्हता. इन्शुरन्स नाही, म्हणून सरकारी हॉस्पिटलात नेलं, तिथल्या बाकावर सकाळी नऊपासून बसलेल्या काकांना संध्याकाळी कुणीतरी बघितलं. मी कामावरून तिकडे गेले तर काकू त्यांची नाडी धरून बसल्या होत्या आणि घड्याळातल्या सेकंदकाट्याकडे बघत होत्या. काका वाचले. त्यात आमच्यापैकी कुणाचंच काही कर्तृत्व नव्हतं, ते नशिबानं वाचले.

त्या बाकावरच मी विचारलं होतं, "काकू, कधी वाटतं का हो, त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं?"

"रोज वाटतं," काकू म्हणाल्या.

"मग?"

"मग काय. जा, तिकडे मशिनमधून चहा आण दोन कप. साखर नको एकात."

सेमिस्टर त्यांनी पुन्हा केलं, पहिल्या दिवसापासून, ब्रॅनिगनबाईंच्याच हाताखाली. पास झाल्या. बाळंतपणाच्या वॉर्डात नोकरी लागली आणि त्याच महिन्यात काकांना हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

मी काकूंना शेवटचं पाहिलं ते त्याच वॉर्डात. पुढं आमची बदली सनीव्हेलला झाली, फोन होत राहिले, पत्रं होत राहिली, पण भेट अशी झाली नाही. मी बाळंतपणाला मुद्दाम काकूंच्या हॉस्पिटलात नाव घातलं होतं. मुलगी झाली, सगळं व्यवस्थित झालं असं वाटलं, आणि अर्ध्या तासात मला रक्तस्राव सुरू झाला. थांबेना. मी स्वतः नर्स, त्यामुळे किती चाललंय ते मला कळत होतं, आणि न कळतं तर बरं झालं असतं. खोलीत सहा-सात माणसं, कुणी पोट दाबतंय, कुणी ओरडून आकडे सांगतंय. डॉक्टर म्हणाले, रक्त कुठाय, रक्त आणा. नवऱ्याला बाहेर काढलं. मला थंडी वाजून दात वाजत होते.

रक्ताची पिशवी घेऊन काकू आल्या. बरोबर दुसरी एक नर्स. मला इतकं बरं वाटलं की रडूच फुटलं. "काकू," मी म्हटलं.

काकू कॉटशी येऊन उभ्या राहिल्या. "टेल मी युअर फुल नेम."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही घोळ झालाय. चौदा महिने या बाईच्या गाडीत बसले होते. तिच्या हातची वांगी खाल्ली होती. "काकू, मी आहे ना," मी म्हटलं.

"मिसेस पी., लवकर," डॉक्टर खेकसले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवी हातात तशीच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मान ताठ, आवाज तोच. "फुल नेम, प्लीज."

मला क्षणभर संताप आला. मग कळलं, आणि भीती कमी झाली. "सुनंदा केळकर," मी म्हटलं. जन्मतारीख विचारली, ती सांगितली. माझं मनगट हातात घेऊन त्यांनी पट्टीवरचा नंबर एकेक आकडा करून वाचला, दुसऱ्या नर्सनं पिशवीवरचा वाचला. आकडे जुळले. पिशवी बरोबरच होती, बहुतेक वेळा ती बरोबरच असते. रक्त सुरू झालं. दुसरी पिशवी आली तेव्हा त्यांनी परत नाव विचारलं आणि मी परत सांगितलं. रक्तस्राव थांबला तेव्हा खिडकीत दुपारचं ऊन होतं. काकू तोपर्यंत एकदाही मला पोरी म्हणाल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशीला टेकून बसले होते. काकू दारात आल्या. कुशीत गुलाबी टोपी घातलेलं गाठोडं, माझी मुलगी. मी तिला नीट पाहिलंच नव्हतं. काकूंच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं, डोळ्यांत पाणी होतं, आतला मंगळसूत्राचा दोरा कॉलरशी दिसत होता. मी दोन्ही हात पुढं केले.

काकू तिथंच थांबल्या. गाठोड्यातून बाळाचा एवढासा पाय बाहेर काढला, त्याच्यावरची माझ्या नावाची पट्टी दोन बोटांत धरली.

"आधी नाव सांग, पोरी," म्हणाल्या.

मी सांगितलं.